निजलेल्यांचा गवई

मी मुळात भित्रा आहे. लिफ्ट मध्येच अडकेल म्हणून पाच मजले चढतो, गॅस बंद केलाय का ते पाहायला जिन्यातून परत येतो आणि अनोळखी नंबरचा फोन वाजला की तो थांबेपर्यंत नुसता त्याच्याकडे बघत बसतो. हे सगळं आता सवयीचं झालंय. बायकोही काही म्हणत नाही. पण एका भीतीशी माझं अजून जमलेलं नाही, आणि ती मला एका माणसाच्या गाण्यामुळे लागली. तो माणूस इतका शांत आणि निरुपद्रवी आहे की त्याच्यामुळे कुणी घाबरेल हे सांगूनही पटणार नाही.

कोथरूडला आमच्या फ्लॅटच्या मागच्या खोलीत माझं रेकॉर्डिंगचं काम चालतं. भिंतींना गाद्या ठोकल्यात, खिडकीला दुहेरी काच आहे, आणि तरीही साडेअकराला शेजारच्यांचा कुकर ऐकू येतो. क्लासवाल्यांच्या जाहिराती, कुणाच्या आजोबांच्या पंचाहत्तरीची ध्वनिफीत, हौसेने गाणाऱ्या निवृत्त मंडळींची भावगीतं अशी कामं येतात. "आवाजात जरा गोडवा टाका" असं लोक सांगतात आणि मी टाकतो. खोकला काढणं, श्वास पुसणं, खरखर घालवणं यात माझा हात धरणारा कोणी नाही, असं मी तेव्हा अभिमानाने सांगत असे.

तो पहिल्यांदा आला तो दुपारी अडीच वाजता, हडपसरहून दोन बस बदलून. त्याने बेल वाजवली नाही. दार नखाने खरवडलं. बायको म्हणाली, "मांजर आहे का बघ." दार उघडलं तर पंचेचाळिशीचा एक काटकुळा माणूस, हातात कापडी पिशवी आणि पिशवीतून वर आलेलं तुणतुणं.

"बेल बिघडलेली नाही," मी म्हणालो.

"दुपारी बेल नाही वाजवत मी," चौकटीला धरून जिन्याचा दम घेतल्यावर तो म्हणाला. "कोणी निजलं राहते."

त्याने पहिल्याच दिवशी मला 'तू' केलं. मी त्याला आजही 'अहो' म्हणतो. तो भंडाऱ्याकडचा. विशीत कामासाठी पुण्यात आला आणि औषधाच्या एका कंपनीत पॅकिंगला लागला तो तिथेच राहिला. लग्न केलं नाही. का, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाला, "पाळी जुळली नाही." हे तो विनोदाने म्हणाला की खरंच, ते मला कळलं नाही.

त्याच्या गाण्याचा सगळा उगम हडपसरच्या एका खोलीत होता. कॉट बेसिसवरची खोली. सहा कॉट आणि बारा माणसं. रात्रपाळीचा माणूस सकाळी आला की दिवसपाळीवाल्याने नुकत्याच सोडलेल्या कॉटवर पडायचा, गादी अजून गरम असायची. त्या खोलीत चोवीस तासांत असा एकही क्षण नव्हता की कोणी ना कोणी झोपलेलं नाही. आणि ह्याला गायची खोड. त्यामुळे तो भिंतीकडे तोंड करून, ओठ जेमतेम उघडून गायला शिकला. तुणतुण्याची तार त्याने इतकी सैल केली होती की ते टणत्कार सोडून नुसतं गुणगुणायचं. असा वीस-बावीस वर्षं गायल्यावर त्याचा जो आवाज तयार झाला तो दुसऱ्या कोणाचा नव्हता. कानाशी कोणीतरी बोलतंय, पण आपल्याला उद्देशून नाही, असं वाटायचं.

गाणं बरं झालंय की नाही हे ठरवायची त्याची रीत मी दुसऱ्या कुठल्याही गवयाकडे पाहिलेली नाही. नवं गाणं तो झोपलेल्या माणसाच्या उशाशी बसून म्हणायचा. तो माणूस जागा झाला किंवा नुसता कुशीवर वळला तरी गाणं नापास. मग कुठल्या शब्दाला तो हलला ते आठवून तो शब्द बदलायचा. 'टाकी' या शब्दाला एक बीडकडचा फिटर तीनदा हलला, म्हणून गाण्यातून टाकी गेली. जागेपणी ऐकणाऱ्यांचं मत तो विचारायचा नाही. "जागा माणूस तोंड पाहून बोलते," असं त्याचं म्हणणं.

पहिल्या दिवशी त्याने माइककडे पाठ केली आणि गादीला कपाळ टेकून सुरुवात केली. मी आवाज वाढवत नेला, आणखी वाढवला, तेव्हा कुठे ओळ ऐकू आली.

हळू ये वं दुपारी, घर निजून हाय,
एका खाटंवर दोघाचं सपन भिजून हाय.

मी हेडफोन घातलेला, खोली बंद, दाराला आतून कडी. ओळ संपली आणि तिच्या शेवटच्या सुरावर मागून दुसरं कोणीतरी आलं. बारीक, लांब, किंचित थरथरणारा सूर. तो गायचा थांबला होता तरी तो सूर होता. मग तोही विरला.  मी हेडफोन काढून खोलीभर पाहिलं. आम्ही दोघंच होतो.

"आयकू आला?" त्याने वळून विचारलं. चेहरा असा खुलला होता की काय सांगावं. "तो माहा झीलकरी."

त्याचा बाप दंडारीत, म्हणजे त्यांच्याकडच्या लोकनाट्यात, झीलकरी होता. त्यांच्याकडे मुख्य गाणारा ओळ म्हणतो आणि मागे उभा राहिलेला झीलकरी ओळीचं शेवटचं अक्षर धरून लांबवतो, तेवढ्यात पुढच्याला दम घेता येतो. "बाप जिंदगीभर दुसऱ्याच्या ओळीचं शेपूट धरून उभा होता," तो म्हणायचा. "पण त्यानं सोडलं असतं तं पुढचा पडला असता." ह्याच्या मागे उभं राहायला कोणी नव्हतं. मग साधारण वर्षभरापूर्वी एका दुपारी ओळ संपल्यावर आपोआप झील ऐकू आली. तेव्हापासून तो गाणी त्या हिशेबानेच बांधायला लागला. ओळ म्हणायची, थांबायचं, झील ऐकायची, मग पुढची ओळ. त्याच्या गाण्यातल्या ज्या लांबलचक शांततेची पुढे इतकी तारीफ झाली, ती शांतता त्याच्या मते शांतता नव्हतीच. तिथे दुसरा गात होता.

मी तो तुकडा चार वेळा ऐकला आणि माझ्या लक्षात आलं, की तो श्वासाचा आवाज आहे. ओळीच्या शेवटी तो हवा आत ओढायचा तेव्हा गळ्यात खाली कुठेतरी शिटी वाजायची. भूत नाही हे कळल्यावर मला इतकं हायसं वाटलं की मी पुढचा विचारच केला नाही. तो गेल्यावर बायको चहाचे कप उचलता उचलता म्हणाली, "दमा आहे का त्यांना? जिना चढून आल्यावर किती वेळ बोलताच येत नव्हतं."

"पाच मजले चढले की मलाही येत नाही," मी म्हणालो. आणि रात्रीच्या जेवणाआधी बसून ती शिटी सगळ्या गाण्यांतून साफ काढून टाकली.

ती गाणी आम्ही इंटरनेटवर टाकली. वर्षभरात ती पुष्कळ पसरली. गाजली म्हणवत नाही, कारण ऐकणारे लोक शेवटपर्यंत जागे नसायचे. हिंजवडीला कामाला जाणारी पोरं, परीक्षेची धास्ती घेतलेल्या मुली, बाळंतिणी, सगळे एकच लिहायचे, दुसऱ्या गाण्याला झोप लागली. दुसऱ्या कोणी हे वाचून गाणं सोडलं असतं. तो मला त्या प्रतिक्रिया परत परत वाचून दाखवायला लावायचा आणि नव्या नवरीसारखा लाजायचा.

पण स्वतःचं गाणं त्याने ऐकलं नव्हतं. एक दिवस बसमध्ये शेजारच्या मुलीच्या फोनवर ऐकलं आणि तो तसाच माझ्याकडे आला. त्या दिवशी त्याने बेल वाजवली.

"माह्या झीलकऱ्याले काहून काढलं?"

मी समजावलं, की अहो, तो दोष वाटतो, लोक म्हणतील रेकॉर्डिंग वाईट आहे.

"पण तो हाय ना," तो म्हणाला. एवढंच. डोळे भरले होते त्याचे. मला वाईट वाटलं, मी कबूल केलं की यापुढे ठेवीन, आणि पुढच्या वेळेपासून थोडी, ऐकेल त्यालाच कळेल इतकी, शिटी ठेवू लागलो. बाकीची काढायचो.

आता जे सांगायचंय ते मी इतकी वर्षं बायकोलाही नीट सांगितलेलं नाही. ती शिटी वाढत होती. आवाज साफ करताना मला जी मात्रा पहिल्या वर्षी दोनवर पुरायची ती दुसऱ्या वर्षी चारवर गेली, तिसऱ्या वर्षी सहावर. सूर जाड झाला होता. ओळीच्या शेवटी यायचा तो आता मध्येही यायला लागला होता. जगात हे फक्त मला माहीत होतं, कारण त्याचा मूळ आवाज फक्त माझ्याकडे होता. तो झीलकरी बळकट झाला म्हणून खूश होता. मी प्रत्येक वेळी हेडफोन घालताना मनात म्हणायचो की आज कमी असू दे. आणि ती जास्त निघाली की खाली मान घालून पुसून टाकायचो. कुणा डॉक्टरला विचारलं असतं तर काहीतरी उत्तर मिळालं असतं, आणि मला त्या उत्तराचीच भीती वाटायची. शिवाय, खोटं कशाला बोलू, डॉक्टरकडे गेला आणि औषधांनी आवाज बदलला तर ही गाणी थांबतील, असंही मनात यायचं. माझं नाव त्या गाण्यांमुळे चार लोकांत झालं होतं.

त्याच्या मैफली दुपारीच व्हायच्या. एक ते चार झोपणाऱ्या गावाला याहून सोयीचा गवई मिळाला नसता. टाळ्या वाजवायच्या नाहीत, वाटलंच तर हात हलवायचे, निघताना चपला हातात घेऊन जायचं, असे नियम होते आणि लोक ते मोठ्या भक्तीने पाळायचे. शेवटची मैफल कोथरूडमध्येच एका योगवर्गाच्या हॉलमध्ये होती. चाळीसएक माणसं चटयांवर आडवी. तो भिंतीकडे तोंड करून बसलेला. मी मागे कोपऱ्यात, हेडफोन लावून.

तिसऱ्या गाण्याच्या मध्यावर शिटी वाजली ती एकदम वरच्या पट्टीत. मग पुन्हा, आणखी वर. तुणतुणं थांबलं. त्याने कपाळ भिंतीला टेकलं आणि तो सावकाश भिंतीवरून घसरत कुशीवर आडवा झाला. माझ्या कानात काहीच नव्हतं. शिटी नाही, श्वास नाही, फक्त पंख्याचा आवाज.

कोणी हललं नाही. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी डोळे उघडले, त्याला पडलेला पाहिला, त्या समाधानाने हसल्या आणि त्यांनी डोळे पुन्हा मिटले. सगळ्यांना वाटलं, गाता गाता त्यालाही झोप लागली. त्याच्या मैफलीत यापेक्षा सुंदर काय होऊ शकत होतं! चाळीस माणसं शांत पडून होती आणि त्यांच्यात एक जण गुदमरत होता, आणि मीही तसाच बसून होतो.  ही शांतता मोडली तर त्याला आवडणार नाही, असा विचार त्या क्षणी माझ्या डोक्यात आला, हे आठवलं की अजून मला स्वतःची भीती वाटते.

मग मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही.

"अहो, जरा हळू," एक गृहस्थ डोळे न उघडता म्हणाले.

त्याला रिक्षात घातलं तेव्हा ओठ निळे पडले होते. दुसऱ्या कुशीवर वळवल्यावर अडकलेला श्वास थोडा सुटला होता, म्हणून तो दवाखान्यापर्यंत पोचला. तिथे त्यांनी नळीतून कॅमेरा घालून पाहिलं. श्वासनलिकेत गाठ होती. हळू वाढणारी, जागा जवळजवळ भरून टाकणारी. डॉक्टर तरुण होत्या, बोलायला सरळ. "अशा गाठीला लोक वर्षानुवर्षं दमा समजतात," त्या म्हणाल्या. "श्वासाला शिटीसारखा आवाज कधीपासून आहे?"

तो पलंगावर टेकून बसला होता, तोंडाला ऑक्सिजनचा मास्क. त्याला बोलता येत नव्हतं. त्याने माझ्याकडे पाहिलं, कारण त्याच्या वतीने बोलणारा तिथे मीच होतो.

नक्की माहीत नाही, असं म्हणता आलं असतं. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं असतं आणि विषय संपला असता. मी म्हणालो, "चार वर्षांपूर्वीपासून असावा. पहिल्या वर्षाचं काही माझ्याकडे नाही. पण पुढच्या तीन वर्षांचे मूळ आवाज आहेत. दर महिन्याला वाढत गेलाय. मला माहीत होतं. मी तो पुसत होतो."

डॉक्टरांनी लिहिणं थांबवलं. "पुसत होतात म्हणजे?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "दोन वर्षं आधी आला असतात तर फार थोडं कापावं लागलं असतं." तो माझ्याकडे पाहत राहिला, मग त्याने तोंड भिंतीकडे केलं. ती त्याची नेहमीचीच बाजू, पण त्या दिवशी तो गात नव्हता.

ऑपरेशन मोठं झालं. नलिकेचा तुकडा कापून दोन टोकं जोडली. जोडावर ताण येऊ नये म्हणून त्याची हनुवटी छातीशी टाके घालून बांधली होती, आठवडाभर. मान वर करता यायची नाही. मी रोज जायचो आणि तो स्वतःच्या पोटाकडे पाहत बसलेला असायचा. टाके काढले त्या दुपारी तो पहिल्यांदा बोलला, फुटक्या आवाजात.

"मले काहून नाही सांगितलं?"

"गाणं जाईल म्हणून," मी म्हणालो. 

त्याने उशाचा पेला चाचपला. मग म्हणाला, "पाणी दे," आणि मी दिलं.

आता तो हडपसरच्या पुढे मांजरी गावात राहतो. उसाच्या कडेला उभ्या राहिलेल्या एका नव्या इमारतीत खोली घेतलीय, एकट्याने. दुसरं कोणी झोपलेलं नसतं. श्वास भरपूर पुरतो, आवाज खणखणीत लागतो, आणि गाणं येत नाही. एकदा त्याने जुनं म्हणून पाहिलं तर ओळ संपल्यावर कुठे थांबायचं तेच त्याला कळेना. "मधात कोणी नाही बाप्पा," तो म्हणाला आणि तुणतुणं पिशवीत ठेवून दिलं. चाहते अजून मला लिहितात, नवीन काही येणार आहे का. मी उत्तर देत नाही. जुन्या गाण्यांतलं पुसलेलं परत भरायचं मी दोनदा ठरवलं आणि दोन्ही वेळा फाइल उघडायचा धीर झाला नाही.

गाठ पुन्हा येऊ शकते, असं डॉक्टरांनी सांगितलंय. लवकर कळली तर थोडक्यात निभावेल. सहा महिन्यांनी तपासणी असते. पण सहा महिने फार असतात, म्हणून मी दर रविवारी दुपारी त्याला फोन करतो. हेडफोन लावून. तो काय रांधलं ते सांगतो, वरच्या मजल्यावरच्या भांडणांचं सांगतो, आणि माझं शब्दांकडे लक्ष नसतं. वाक्य संपलं की तो हवा आत घेतो, तिथे मी कान लावून बसतो. दोनदा त्याच्या कुकरच्या शिटीने माझा जीव गेला होता. त्याला हे ठाऊक आहे की नाही, मी कधी विचारलं नाही. रविवारी सकाळपासून मला जेवण जात नाही, हे मात्र बायकोला ठाऊक आहे.

गेल्या रविवारी तो भरल्या वांग्याचं सांगत होता. दाण्याचं कूट जास्त झालं म्हणाला. आणि वाक्याच्या शेवटी एक बारीक रेघ आली. केसाएवढी. मी हेडफोन दाबून धरला. "गच्चीत जाऊन बोला जरा, तुमचा आवाज तुटतोय," मी म्हणालो. तो गच्चीत गेला, कूट पुन्हा सांगितलं. रेघ होती.

फोनची खरखर असेल, असं मी स्वतःला म्हणालो. तपासणी पुढच्या महिन्यात आहेच. उगाच घाबरवायचं कशाला त्याला. मी वांग्यांचा भाव विचारला. त्याने सांगितला. मी हसलो देखील. 

"ठेवू?" त्याने विचारलं.

"थांबा," मी म्हणालो.  "शिटी ऐकू येतेय. पहिल्यासारखी. बारीक आहे, पण आहे. उद्या सकाळी आठला मी येतो, आपण डॉक्टरांकडे जाऊ."

 त्याने श्वास घेतला, मी तो ऐकला.

"मले बुधवारीच आयकू आली," तो म्हणाला. "तू सांगतं का नाही, तेच पाहून रायलो होतो."